हिरड्याच्या पोत्याशी बरोबरी

वजन उतरवायला अमक्याचा पोरगा चार दिवस उपाशी राहिला, असं कुणी कौतुकानं सांगायला लागलं की माझं डोकं फिरतं. सांगणारा पाहुणा असला तरी मी गप्प बसत नाही. घरातले मग एकमेकांकडे बघतात, म्हातारा सुरू झाला म्हणून. बघू देत. मी जिवंत आहे, दोन वेळा जेवतो, तांब्याभर पाणी एका दमात पितो. हे सगळं ज्या माणसामुळं, त्याच्याबद्दल मी बोलणार म्हणजे बोलणार.

आमची वाडी बाजारकुणंगच्या वरच्या अंगाला, रानात. दहा-बारा घरं, खाली भाताची खाचरं. सुगी आटोपली की बापे लाकूडतोडीला जायचे आणि बायका-पोरं हिरडे वेचायला. वाडीतल्या देवळामागं आमचा आखाडा होता. आखाडा म्हणजे फार काही समजू नका. चार खांबांवर गवताचं छप्पर आणि खाली गुडघाभर तांबडी माती, ताक-तेल-हळद घालून मळलेली. लहानपणी मी भात जास्त खाल्ला की ती माती, हे सांगणं अवघड आहे.

तिथं आम्हाला कुस्ती शिकवणाऱ्या वस्तादांनी तरुणपणी खानापूर-बेळगावकडे नाव काढलं होतं. पुढं एका कुस्तीत गुडघा गेला, आणि ते कुळगीच्या रानातून सागाचे ओंडके बैलगाडीनं ओढायच्या कामाला लागले. काम कितीही लांब असलं तरी पहाटे आखाड्यात हजर. बोलणं कमी, हात जास्त चालायचा. डाव चुकला की पाठीत धपाटा, आणि जमला तरी धपाटाच, फक्त जरा हलका. आमच्याकडून त्यांनी कधी काही घेतलं नाही. घेतलं असेल तर एवढंच, की दर पावसाळ्यानंतर आखाड्याची माती आमच्याकडून खणून घेतली. आम्ही तेवढ्यालाही कुरकुर करायचो, नालायक कुठले!

त्या काळी बेळगावातली एक तालीम आमच्या बाजूच्या देवीच्या जत्रेतून दरसाल एक पोर उचलायची. जत्रा नदीकाठी भरायची. पोरांच्या गटात शेवटची कुस्ती जो मारील त्याला तालमीत ठेवून घ्यायचं, असा रिवाज होता. राहणं तिथंच, दोन वेळा पोटभर जेवण, रोज दूध, आणि शिकवायला नामांकित पैलवान. आमच्या रानातलं एकही पोर तोवर गेलं नव्हतं. खानापूरकडचाच कुणीतरी दरवर्षी जायचा. त्या वर्षी मी पंधरा वर्षांचा होतो, वरच्या ओठावर काळी रेघ उमटायला लागली होती. म्हणजे पोरांच्या गटातलं माझं ते शेवटचं वर्ष. मला त्या तालमीत जायचंच होतं. दुसरं काही सुचत नव्हतं मला. वस्तादही उघड बोलत नसले तरी त्यांचा जीव त्यातच अडकलाय, हे वाडीतल्या कुत्र्यालासुद्धा माहीत होतं.

तोवर जोड नजरेनं लावायचे. पंच दोन पोरांना शेजारी उभं करायचे, खांदे बघायचे, दंड चाचपायचे, झालं. पण आदल्या वर्षी एका गड्यानं मिशी काढून पोरांच्या गटात कुस्ती मारली आणि मागाहून कळलं की त्याच्या घरी पाळणा हलतोय! जत्रेत मारामारी व्हायचीच बाकी होती. तेव्हा पंचांनी ठरवलं, यंदापासून वजन करायचं.

आता वजन करायचं तर कशानं? जत्रेच्या ठिकाणी, देवीच्या देवळाजवळ हिरड्याची वखार होती, तिथं साखळ्यांची मोठी पारडी लावलेला तराजू होता. पण वखारवाल्याच्या वजनांवर कुणाचा विश्वास? आम्ही आयुष्यभर त्याच वजनांच्या नावानं बोटं मोडलेली. शेवटी एका पंचाला सुचलं, की मापं नकोतच. सगळ्यांसमोर एक पोतं हिरडा भरायचा, तोंड शिवायचं, वर गेरूनं हाताचा ठसा मारायचा. एका पारड्यात ते पोतं, दुसऱ्यात लंगोट लावलेला पोर. पोराचं पारडं खाली गेलं तर तो मोठ्यांच्या गटात. बरोबरीला आला किंवा वर राहिला तर पोरांच्या गटात. सगळ्यांना ते इतकं पटलं की लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

जत्रेआधी पंधरा दिवस नावं द्यायला गेलो तेव्हा पोतं भरलं गेलं. त्याच आठवड्यात रानातून आलेला हिरडा. नाव देणाऱ्या प्रत्येक पोराला एकदा पारड्यात बसवून बघितलं. मी बसलो आणि पारडं धपकन जमिनीला टेकलं. सगळे खो खो हसले.

"काय घालतेय रं तुझी आई तुला?" कुणीतरी ओरडलं. "फणसाच्या आठळ्या की दगडधोंडं?"

वखारीत तोलायला धारवाडकडचे एक गृहस्थ होते, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. त्यांनी पोत्याच्या बाजूला वजनं टाकून बघितली आणि म्हणाले, "पाच शेर जास्त हाय, तम्मा."

माझं तोंड उतरलं. वस्ताद मात्र शांत. "पंधरा दिवस हायत," म्हणाले. "उतरवू."

आणि मग त्यांनी जी युक्ती केली तिचं सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं. वखार आमच्या वाडीपासून अर्ध्या दिवसाची चाल. रोज वजन बघायला तिथं कोण जाणार? त्यांनी नदीतले गोटे आणले, अण्णांकडून ते त्या पोत्याशी बरोबर तोलून घेतले आणि गाडीत घालून वाडीत आणले. आखाड्याच्या आढ्याला गाडीचं जुनं जू आडवं टांगलं, दोन्ही टोकांना दोन टोपल्या. एकीत गोटे, दुसरीत मी. घरचा तराजू तयार! वाडीतली पोरं रोज सकाळी माझं वजन बघायला जमायची, तमाशा असल्यासारखी.

त्या पंधरा दिवसांचं वर्णन करायला आजही जिवावर येतं. भात बंद. सकाळी अर्धी नाचणीची भाकरी, संध्याकाळी पेजेवरची निवळ. अंगाला घोंगडं गुंडाळून चढण चढायची, उतरायची, पुन्हा चढायची. दुपारी आई भात उकडायला मोठी चूल पेटवायची, तिच्यासमोर घोंगड्यासकट बसायचं. घाम टपटप गळायचा आणि वस्ताद तो बघून मान डोलवायचे.

आई मात्र रोज भांडायची. ती अंगणात हिरडे पसरत असायची आणि मी तिच्यासमोरून धापा टाकत जायचो.

"मी हिरडं वाळवत्ये, तुम्ही पोर वाळवताय व्हय?" ती वस्तादांना म्हणाली. "असली कसली कुस्ती ही?"

"पंधरा दिसांचा सवाल हाय, वैनी," वस्ताद खाली बघून म्हणाले. "मग बेळगावात दूध पिईल शेर-शेर."

आईनं पुढं काही बोलायच्या आत मीच तिच्या अंगावर धावून गेलो. तुला काय कळतंय, म्हणालो. ती पदरानं तोंड पुसून पुन्हा हिरडे पसरायला लागली. तिच्याशी मी त्या दिवसांत फार वाईट वागलो. भुकेनं माणूस कसा खेकसतो ते मला तेव्हा कळलं, आणि तिनं ते सगळं ऐकून घेतलं.

शेवटचे दोन दिवस पाणीही बंद. फार तहान लागली की चूळ भरायची आणि थुंकायची. वस्ताद समोर उभे, एक थेंब गिळू द्यायचे नाहीत. तोंडात चिंच धरून थुंकत राहायचं, म्हणजे तेवढीच लाळ जाते. दुसऱ्या दिवशी तर लाळही येईना. पण त्या दिवशी सकाळी मी टोपलीत बसलो आणि जू सरळ आडवं राहिलं. गोटे आणि मी, अगदी बरोबर! पोरांनी ओरडून देऊळ डोक्यावर घेतलं. वस्तादांनी मला टोपलीतून उचललं आणि पाठीत धपाटा घातला. तो मात्र अगदी हलका होता.

जत्रेच्या दिवशी सकाळी आम्ही गाडीनं पोचलो. वखारीपुढं आंब्याच्या फांदीला तो मोठा तराजू टांगलेला. आमच्या बाजूची आणि खानापूरकडची पोरं एकेक करून बसत होती, उठत होती. बहुतेक सगळी काटकुळीच, पोत्यापेक्षा कितीतरी हलकी. माझी पाळी आली. मी घोंगडं फेकलं आणि ऐटीत पारड्यात जाऊन बसलो.

पारडं खाली गेलं.

मला आधी वाटलं, कुणीतरी चेष्टेनं दाबलं. वस्ताद पुढं आले. "अण्णा, काटा बघा," म्हणाले. अण्णांनी काटा बघितला, साखळ्या सोडवल्या, पोतं या पारड्यातून त्या पारड्यात घातलं, मला इकडून तिकडं बसवलं. पुन्हा तेच. वजनं टाकून बघितली. दोन शेर जास्त.

"असं कसं व्हईल?" वस्ताद म्हणाले. "काल सकाळी गोट्यांशी बरोबर व्हता. तेच गोटं, तुम्हीच तोलून दिल्यालं."

अण्णा पोत्याजवळ वाकले. त्यांनी पोत्याला हात लावला, दाबलं, जरासं हलवलं. आतले हिरडे खडखडले. भरलं तेव्हा फुगलेलं ते पोतं आता खांद्यापाशी ढिलं पडलं होतं. अण्णांनी वस्तादांकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "पोर न्हाई वाढलं. पोतं सुकलंय."

 मग कुणीतरी फिस्सकन हसलं. अहो, हसतील नाहीतर काय! हिरडा ओला आहे म्हणून व्यापारी दरवर्षी तूट धरतो, आणि दरवर्षी अख्खा मुलूख त्याच्या नावानं शंख करतो. ओला हिरडा आठ दिवसांत किती उतरतो हे आमच्या रानातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आणि त्याच मुलखातल्या शहाण्यांनी, पंचांनी, वस्तादांनी, मी, सगळ्यांनी मिळून ताज्या हिरड्याचं पोतं भरलं आणि वर ठसा मारला. पंधरा दिवस मी इकडं वाळत होतो आणि ते तिकडं वाळत होतं. गोटे तेवढे होते तसेच राहिले.

वस्तादांनी पंचांपुढं हात जोडले. चूक माझी, म्हणाले, पोराची न्हाई. पंचांतले दोघे-तिघे विरघळले. पण खानापूरकडच्या माणसांनी आवाज चढवला. "आमची पोरं ह्याच पोत्यावर तोलली. ठरलं ते ठरलं." आणि त्यांचं तरी काय चुकलं? आज मी त्यांच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो. शेवटी पंचांनी एवढंच मान्य केलं, की देवीची पालखी नदीवरून परत येईपर्यंत मुदत. तोवर वजन उतरलं तर ठीक.

मी पुन्हा घोंगडं गुंडाळलं आणि पळत सुटलो. नदीकाठची वाळू, वर ऊन, अंगावर लोकरीचं ओझं. वस्ताद लंगडत माझ्या मागं. "खांदं हलव, हात वर कर," ओरडत होते. एकदा परत येऊन बसलो, शेरभर उतरलं होतं. मग कुणीतरी म्हणालं, केस काढा. न्हाव्याला बोलावलं, डोकं तासलं. केसांनी काय व्हायचंय, कपाळ? काटा जागचा हलला नाही. पुन्हा पळालो. पुन्हा बसलो. अच्छेर जास्त.

अर्धा शेर! लांबून पालखीचा ढोल ऐकू यायला लागला होता. मी उठलो, घोंगडं ओढलं. दोन अण्णा दिसत होते, दोन तराजू दिसत होते, पण मला एकच कळत होतं, की आणखी एक फेरी मारली की मी बेळगावात.

दहा पावलं गेलो आणि वाळूत बसकण मारली. वस्तादांनी मला उठवायला घोंगड्यात हात घातला. पाठीवर हात फिरवला, आणि तो तिथंच थांबला.

"घाम कुठं गेला?" ते म्हणाले.

मी म्हणालो, येईल, पळालो की येईल.

त्यांनी माझ्या मानेवर, काखेत, पोटावर हात लावून बघितला. अंग तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं ठणठणीत. "मुतला कवा?" विचारलं. मला आठवेना. तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे मी बघितलं. धपाटे घालणारा तो माणूस पांढराफटक पडला होता. त्यांनी माझं घोंगडं ओढून लांब फेकलं, लंगडत नदीकडे गेले आणि कुणाच्यातरी तांब्यातून पाणी घेऊन आले.

मी दात आवळून धरले. एक घोट पोटात गेला की संपलं, हे मला तशाही अवस्थेत कळत होतं. त्यांनी बोटानं तोंड उघडायचा प्रयत्न केला तर मी त्यांचं बोट चावलो, रक्त येईपर्यंत. ते हलले नाहीत. त्यांनी माझं नाक धरलं. मी श्वासासाठी तोंड उघडलं आणि पाणी आत गेलं.

मी ओरडलो. आसपास आमच्या वाडीची माणसं होती, पंच होते, खानापूरची माणसं होती. त्या सगळ्यांसमोर, ज्या माणसानं मला दहा वर्षं पोटच्या पोरासारखं मातीत घोळवलं त्याला मी म्हणालो, "तुझं काय जातंय? तुला पोर असतं तर कळलं असतं!"

वस्तादांना मूलबाळ नव्हतं. सगळ्या वाडीला माहीत होतं, आणि सगळ्या वाडीत ते त्यांच्यासमोर कुणी कधी बोललं नव्हतं.  कुणीतरी माझ्यावर हात उगारला, तो वस्तादांनी कोपरानं बाजूला सारला.

"पी," ते मला म्हणाले. "शिव्या मागनं दे. आधी पी. हळू."

आणि घोट-घोट करून तो तांब्या त्यांनी माझ्या पोटात रिकामा केला. मग दुसरा. अण्णांनी वखारीतून मीठ आणि गूळ आणला, तो तिसऱ्यात विरघळवला. त्या भल्या माणसाचेही माझ्यावर उपकार आहेत, पंचांपुढं खरं बोलल्याचे आणि त्या गूळपाण्याचे. पालखी आली, ढोल वाजले, पोरांच्या कुस्त्या सुरू झाल्या. शेवटची कुस्ती खानापूरकडच्या एकानं मारली आणि तोच बेळगावला गेला. पुढं त्याची कुस्ती मी दोन-तीनदा बघितली. देखणी कुस्ती होती, मी टाळ्याही वाजवल्या. वस्तादांनी मला त्या दिवशी आणखी एक फेरी पळू दिलं असतं, तर टाळ्या वाजवायला मी नसतो. हे मला पुढं एका डॉक्टरानं समजावून सांगितलं, पण खरं तर मला ते आधीच कळलं होतं. कधी कळलं तेच सांगतो.

कुस्त्या संपायच्या आतच आम्ही निघालो. आमची गाडी जत्रेच्या पार दुसऱ्या टोकाला सोडलेली आणि माझे पाय लटलट कापत होते. वस्ताद खाली बसले आणि म्हणाले, "चढ." मी तोंड फिरवून बसलो. त्यांनी विचारलंच नाही पुन्हा. मला उचललं, खांद्यावर घेतलं आणि त्या मोडक्या गुडघ्यावर उभे राहिले.

आता आमच्याकडे खांद्यावर कुणाला घेतात? ज्यानं कुस्ती मारली त्याला. भर जत्रेतून एक वस्ताद आपल्या पोराला खांद्यावर घेऊन चाललाय म्हटल्यावर लोकांना दुसरं काय वाटणार? दोन्ही बाजूंनी माणसं वाट द्यायला लागली. "मारली काय रं?" "शाब्बास पठ्ठ्या!" चुरमुरे विकणाऱ्या एका बाईनं तर मूठभर चुरमुरे आमच्यावर उधळले. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. मला वाटलं, वस्ताद आता खरं काय ते सांगतील, नाहीतर लाजेनं मला खाली तरी ठेवतील. ते मान खाली न घालता चालत राहिले. दर पावलाला त्यांचा गुडघा खाली बसायचा, आणि मी वर हिंदकळायचो. मी चावलेल्या बोटाचं रक्त माझ्या पोटरीला लागत होतं.

जत्रेच्या टोकाला एक म्हातारा गाडीवर बसला होता. पांढरा पटका, खानापूरकडचा असावा. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, तासलेलं डोकं, सुकलेले ओठ, आणि वस्तादांना विचारलं, "पैलवान चांगला दिसतोय. कुणाचा हो पोरगा?"

"माझा," वस्ताद म्हणाले, आणि माझे पाय घट्ट धरून पुढं चालायला लागले.

तेव्हा कुठं मला रडू आलं.